सिस्टमवाल्या इंदिराताई

"उचलला एकदाचा, बाप्पा!" दिवाकरराव बायकोकडे बघून ओरडले आणि फोन नीट कानाला लावला. "हॅलो, सिस्टम सेक्शन ना? मी दिवाकर वैरागडे. ड्रॉइंगवाला."

पलीकडून एका बाईचा आवाज आला. "तुम्ही मराठी आहात?"

"अस्सल! मूळचे वर्ध्याचे. जन्म गेला जबलपुरात."

"मग बोला. काय अडलं?"

काय अडलं म्हणजे? सगळंच अडलं होतं. डिफेन्सच्या कारखान्यात तीस वर्षं ड्रॉइंगं काढून दिवाकरराव रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप कंपनीत लागले. रोज स्कूटरवर जायचे, खिशात पेन ड्राइव्ह. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कंपनीनं सांगितलं, घरूनच करा. ड्रॉइंगं ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकायची, तिथून नागपूरची अवंतिका आणि सिहोऱ्याचा अतुल उचलतील. शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर काम दुसऱ्याला.

पेन्शन होती, पोटाचा प्रश्न नव्हता. पण काम सुटलेले दोस्त त्यांनी पाहिले होते. सकाळी पेपर, दुपारी भाजी निवडणं, संध्याकाळी बायकोची बोलणी. त्या दिनक्रमाची त्यांना खरोखर धास्ती वाटायची. म्हणून जुनी डायरी उघडून त्यांनी कंपनीच्या छापील कार्डावरचा नंबर फिरवला होता.

"समोर काय काय दिसून राहिलं, सगळं वाचून सांगा," बाई म्हणाल्या.

दिवाकररावांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, कोपऱ्यातल्या घड्याळासकट. पलीकडे लिहून घेतल्याचं जाणवत होतं.

"ठेवा. दहा मिनिटांत करते."

वीस मिनिटांनी फोन आला तेव्हा बाईंना धाप लागली होती. "जिने फार आहेत हो आमच्याकडे." मागे मशीनची घरघर चालली होती, कोणी तरी "कितनी कॉपी?" विचारत होतं. पण सांगितलं ते बिनचूक. अधिकचं चिन्ह दाबा, नवीन फोल्डर घ्या, नाव द्या. फोल्डर तयार!

"नाव काय तुमचं, ताई?"

"इंदिरा. बरं झालं फोन केला तुम्ही."

कंपनीची शिस्त दिसते, असं दिवाकररावांना वाटलं. बायकोला, अंजनीबाईंना, ते म्हणाले, "ऑफिस भरलेलं आहे, तरी बिचारी आपल्यासाठी वेळ काढून राहिली."

बुधवारी एकशे चौदा ड्रॉइंगं चढली. दिवाकरराव भोळेपणानं पासवर्ड सांगायला लागले तर इंदिराताई केवढ्यानं ओरडल्या! "मला नका सांगू! कोणालाच नका सांगू!" गुरुवारी अवंतिकाला आणि अतुलला फोल्डर दाखवायचा होता. कोणी नुसतं बघायचं, कोणी बदलायचं, ते कुठं निवडायचं? "विचारून सांगते," इंदिराताई म्हणाल्या, आणि विचारून सांगितलं. कामाचं झालं की मग गप्पा. वांग्याच्या भाजीत कारळाचं कूट पडतं की नाही, यावर दोघांची चांगली जुंपली. "काहून नाही पडत?" म्हणून इंदिराताई अशा काही हसल्या की अंजनीबाईंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली.

"अहो, ड्रॉइंग टाकून राहिले की फोडणी?"

शुक्रवारी आभाळच कोसळलं. अतुलनं चुकून अर्धी ड्रॉइंगं पुसली. दिवाकररावांनी लगेच फोन लावला. "संपलं ताई, गेलं माझं काम."

"असं काहून बोलता, भाऊ? रडू नका. मी आहे ना. दहा मिनिटं."

या वेळी खरंच दहाच मिनिटं लागली. धाप एवढी की शब्द फुटेना. "कचऱ्याच्या डब्यात बघा. तिथं महिनाभर राहते म्हणतात." दिवाकररावांनी पाहिलं. सगळी तिथंच होती! एकेक करून परत आली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांना पाणी आलं ते लपवावंसंही वाटलं नाही.

शनिवारी साहेबाचा निरोप आला, "बहुत बढ़िया, दिवाकरजी." काम राहिलं.

सोमवारी दिवाकररावांनी किलोभर खोव्याची जलेबी बांधून घेतली, काठी टेकत ई-रिक्षात बसले आणि थेट रिछाई गाठली. माणसानं उपकार विसरू नये. सिस्टम सेक्शनमध्ये सचिन नावाचा एकटाच तरुण बसला होता.

"इंदिरा मॅडम कुठं बसतात, भैया?"

"कौन इंदिरा मॅडम? यहाँ तो बस मैं हूँ, अंकल. आप तो कमाल निकले! एक भी फोन नहीं किया, सब खुद सीख लिया."

दिवाकररावांनी कार्ड पुढं केलं. सचिन हसला. "ये नंबर तो हमने कब का छोड़ दिया. अब किसी और के पास होगा. नया वाला ईमेल में भेजा था ना."

जलेबीचा पुडा मांडीवर घेऊन दिवाकरराव बाहेरच्या बाकावर बसले. ते जिने, ती धाप, मागची ती "कितनी कॉपी?"; म्हणजे ताई झेरॉक्सच्या दुकानात जाऊन विचारत होत्या तर! त्यांनी त्याच नंबरवर फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"इंदिराताई, मी कंपनीतून बोलून राहिलो."

त्यांनी हातातलं जुनं कार्ड उलटून पाहिलं.

"राँग नंबर आहे, असं पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं?"

"सांगणारच होते, भाऊ. सगळ्यांना तेच सांगते," इंदिराताईंचा आवाज अगदी बारीक झाला. "पण आमचे हे गेल्यापासून दोन वर्षांत माझ्याशी कोणी मराठीत बोललंच नव्हतं हो."