नऊ हजार कॅलरींची वधू

वाळवंटातल्या बुतिलिमित गावात वधूचे सौंदर्य तिच्या वजनावर ठरते. म्हणून लग्नाआधी साल्काला उंटिणीच्या दुधाने फुगवण्याचे पुण्यकर्म तेकबेर आत्याने अंगावर घेतले. आत्या सुधारलेली; जुन्या बायकांसारखे दूध संपेपर्यंत वाडग्यापाशी काठी घेऊन बसण्याऐवजी तिने कॅलरी मोजणारे ॲप घेतले. साल्का आतून एकेक वाडगा नोंदवी, बाहेर आत्या आपल्या फोनवर चढता आकडा पाहून टाळ्या पिटी. दूध जाई शेळ्यांच्या पोटात, कारण हे लग्न मोडले तरच साल्काला नर्सिंग शिकता येणार होते. आज पाहणीला आलेल्या वरमाईने साल्काचे मनगट चिमटीत धरले. “विहीणबाई, ही तर काडी!” “काडी कसली? कालच्या नऊ हजार कॅलरी, बघा!” आत्याने फोन नाचवला. “मग लेकाचं लग्न फोनशीच लावते!” वरमाई चालती झाली. “रडू नकोस गं!” आत्या कळवळली. मलहफ्याच्या पदराआड साल्का हसण्याने गदगदत होती.