लिफ्टचे तीन फेज

लिफ्ट बंद पडल्याचं कळलं तेव्हा महिपती पाचव्या मजल्यावर उभे राहून बटण दाबत होते. दाबून दाबून बोट दुखलं. लिफ्ट जागची हलली नाही.

पुण्याजवळच्या मांजरीतल्या त्या सोसायटीची केबल रात्री जळाली होती. पहाटे कंत्राटदाराची माणसं आली, खड्डा खणला, जोड मारला आणि निघून गेली. वीज आली. दिवे लागले, पंखे फिरले. एकटी लिफ्ट तेवढी रुसली.

महिपती जिना चढून गच्चीवर गेले. लिफ्टच्या मशीनच्या खोलीत सोसायटीचा सेक्रेटरी केयूर फोन कानाला लावून उभा होता.

"काका, तुम्ही कशाला वर आलात? घरी बसा ना."

"बसून लिफ्ट चालू होत असेल तर बसतो."

केयूरने फोन खाली घेतला. "कंपनीकडे तक्रार टाकलीये. माणूस दुपारपर्यंत येईल."

"खाली गाडी येऊन उभी आहे. तिला काय सांगू, जेवून ये?"

"आपण चौघं-पाचजण आहोत. काकूंना जिन्याने नेऊ. अगदी सांभाळून."

"जिन्याने न्यायचं नाही," महिपती म्हणाले.

मागच्या वर्षी लिफ्ट अशीच बंद होती आणि गोदाबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. मजल्यामजल्यावर दारं उघडली, लोक बघत राहिले. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची कलली आणि गोदाबाई किंचाळल्या. घरी परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला बजावलं, "पुन्हा मला असं पोत्यासारखं उतरवायचं नाही. लिफ्ट असेल तर जाईन, नाहीतर इथंच राहीन." महिपती तेव्हा पेपर वाचत होते. पण हो म्हणाले होते.

तेवढ्यात नियाज आला. मांजरी फाट्यावर त्याचं जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान होतं. महिपतींनीच त्याला फोन केला होता. सात मजले चढून तो धापा टाकत होता. आल्या आल्या त्याने महिपतींच्या खांद्यावर हात ठेवला.

"ते राहू दे," महिपती म्हणाले. "आधी मोटार बघ."

नियाजने पॅनेल उघडलं आणि मीटरची टोकं एकेका वायरला लावून पाहिली.

"तिन्ही फेज आलेत. पॉवर पुरी आहे."

"मग हिला काय धाड भरली?"

"मोटारीला काही झालेलं नाही, काका. तिला हिनं अडवलंय." त्याने एका लहानशा डबीवर बोट ठेवलं. डबीवर लाल दिवा लागला होता. "तीन वायरी आपापल्या पाळीने जोर लावतात. पहिली, दुसरी, तिसरी. म्हणून मोटार एका बाजूला फिरते. रात्री जोड मारताना दोन वायरींची अदलाबदल झाली. आता मोटार फिरली तर उलटी फिरेल. म्हणून ही डबी तिला सुरूच होऊ देत नाही."

"मग माझ्या घरातले दिवे कसे लागले?"

"दिव्याला एकच फेज लागतो. शेजारी कोण राहतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही."

"पुण्याचा दिसतोय," महिपती म्हणाले.

नियाजला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. "खालचा पंप ऐका. पहाटेपासून घोंघावतोय. टाकी बघा बरं."

केयूरने गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचललं. पाणी तळाला गेलं होतं.

"तोही उलटा फिरतोय," नियाज म्हणाला.

"मग ही डबीच काढून फेक ना!" महिपती ओरडले.

"फेकतो. तुम्ही वरचं बटण दाबाल आणि लिफ्ट खाली पळेल. काका, दोन वायरी बदलायच्यात, बस्स."

"एक मिनिट," केयूर मध्ये पडला. "आपण हात लावला तर कंपनीचा करार रद्द होईल. उद्या काही झालं तर कमिटीला मी काय सांगू?"

"तो करार फ्रेम करून लिफ्टमध्ये लाव," महिपती म्हणाले. "आरसा तर तुम्ही बसवला नाहीत. अडकलेल्या माणसाला वाचायला तरी काहीतरी होईल."

जिन्यातून त्यांची सून रुपाली वर आली. तिचे डोळे सुजले होते. "बाबा, आईंचं आवरून झालंय. सगळे थांबलेत."

"थांबू देत."

"संतोष म्हणतात, जिन्याने..."

"संतोषला सांग, त्याच्या आईशी मी बोललोय."

केयूरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा महिपतींकडे, आणि तो पॅनेलसमोरून बाजूला झाला.

नियाजने मेन स्विच खाली ओढला. वीज गेल्याची मीटरने खात्री केली. दोन वायरींचे स्क्रू सैल करून त्याने एकीच्या जागी दुसरी बसवली आणि स्क्रू आवळले. महिपती त्याच्या मानेवर श्वास सोडत उभे होते. स्विच वर गेला. लाल दिवा विझून हिरवा लागला.

मोटार गुरगुरली आणि लोखंडी दोर सरकू लागले. नियाजने चिमट्याचा मीटर एकेका वायरभोवती धरला.

"तिन्हींत करंट सारखा आहे. आता बिनधास्त न्या."

लिफ्ट खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. महिपती सकाळपासून पहिल्यांदाच पायरीवर टेकले. तोंडावरून हात फिरवून ते लगेच उठले आणि नियाजला म्हणाले, "चल."

पाचव्या मजल्यावर केयूर लिफ्टचं दार पाठीने अडवून उभा राहिला. घराच्या दाराशी गर्दी होती. महिपतींना बघून ती दोन्ही बाजूंना सरकली.

"आणा तिला," महिपती म्हणाले.

संतोषने आणि तिघांनी तिरडी खांद्यावर घेऊन बाहेर आणली. लिफ्ट चार माणसांची होती, उभ्या चार माणसांची. त्यांनी तिरडी सरळ घालून पाहिली, मग तिरकी घालून पाहिली. पायाकडचे बांबू बाहेरच राहिले. उभी करा, असं म्हणायला कुणाची जीभ वळेना. गोदाबाईंना खाली न्यायचं राहिलंच होतं.