राजाबाईची शुद्ध

"ठके, जेवलीस का?" दवाखान्यातल्या खाटेवरून राजाबाईनं विचारलं.

ठकूबाईनं मान हलवली. राजाबाई तिची थोरली जाऊ. रिहे गावात दोघींची घरं शेजारीशेजारी. पण ठकूबाईच्या भरवशावर सोडलेली राजाबाईची लहानगी लेक किमी ओढ्याला वाहून गेली, तेव्हापासून थोरली धाकटीशी बोललीच नव्हती. औंदा मेंढरांमागं जाताना राजाबाई पडली. डोक्यात आतल्या आत रक्त साठत गेलं आणि ती किमीसकट सगळं विसरली; ओळखायची ती फक्त ठकूबाईला. आता ती जावेच्याच हातून खायची. दुसऱ्या कुणाच्या हातचं घ्यायची नाही.

कवटीला भोक पाडून एकदा रक्त काढलं होतं. ते पुन्हा साठलं. डॉक्टर राजाबाईच्या मुलाला, माउलीला, समजावत होते.

"या वेळी डोकं उघडायचं नाही. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची. जिथनं रक्त झिरपतंय ती शीर आतूनच बंद करायची. साठलेलं मग हळूहळू जिरून जाईल."

"आन मग हिला समदं आठवंल?" ठकूबाईनं विचारलं.

"बहुतेक आठवेल, आजी."

माउलीनं चुलतीकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. "न्हाई केलं तर, डॉक्टर?"

"साठत जाईल. जिवावर बेतेल."

खाटेवर राजाबाई पदराशी चाळा करत हसत होती.

"करा," ठकूबाई म्हणाली.

शीर बंद झाली. राजाबाई घरी आली. ठकूबाई रोज दुधात भाकरी कुस्करून तिला भरवायची. राजाबाईला आधी कुत्र्याचं नाव आठवलं. मग नवरा गेल्याचं आठवलं. त्या दिवशी ती जावेच्या गळ्यात पडून रडली. ठकूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

एका सकाळी तिनं घास पुढं केला. राजाबाईनं तोंड उघडलं नाही. कितीतरी वेळ ती ठकूबाईकडं बघत राहिली.

"किमी तुज्यापाशी व्हती," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

ठकूबाईनं घास ताटलीत ठेवला. ताटली झाकली. बाहेर अंगणात माउली गाडी पुसत होता.

"डॉक्टरला फोन लाव," ती म्हणाली. "सांग, बरी झाली."