फटी

लाटांवर संशोधन करणारी गोदाबाईंची लेक परतवाड्याच्या घरी आली होती. अंगणातल्या टाक्यात सिमेंटच्या चार पायांच्या चिमुकल्या ठोकळ्यांचा, समुद्रातल्या बांधाचा नमुना रचून ती चहा ठेवायला गेली. समुद्र अडवणारा बांध असा फटीफटींचा? गोदाबाईंना उमजेना. नवरा गेल्यापासून बसायला येणाऱ्या शेजारणींना "बरी हाओ मी" म्हणत त्या दारातूनच परतवत. उघडी फट त्यांना बघवेना. माती कालवून त्यांनी बांध चुलीसारखा लिंपून टाकला. चहा घेऊन आलेल्या लेकीने हसून लाकडी पाटाने पाणी लोटलं, तशी लाट बांधावर आपटून उसळली आणि गोदाबाई चिंब झाल्या. मग लेकीने माती खरवडून पुन्हा पाणी लोटलं. लाट ठोकळ्यांपर्यंत आली आणि विरली. "थे गेली कुठं, पोरी?" "फटीत शिरली, सगळ्यायनं थोडीथोडी वाटून घेतली." गोदाबाई आणखीच गोंधळल्या. एवढ्यात कडी वाजली. शेजारणी आल्या होत्या. "बरी हाओ" ओठांवर आलं, हात मात्र सतरंजी अंथरू लागले.