गरुडाची सावली

गरुड राजपुत्राच्या मनगटावर उतरला आणि मालिकेच्या इतिहासात पहिल्यांदाच त्याची सावली जिथे पडायला हवी तिथे पडली. वेनिंगने दृश्य पुन्हा पाहिलं. पंखांच्या वाऱ्याने गवत हललं. मनगट वजनाने जरासं खचलं. चित्रीकरणाच्या वेळी राजपुत्राच्या मनगटावर हिरव्या फडक्याखेरीज काही नव्हतं. चेहऱ्यावर तर तेवढंही नव्हतं.

जकार्तातल्या या मालिकेचा रिवाजच असा, की सकाळी चित्रीकरण आणि संध्याकाळी प्रक्षेपण. भागाचा शेवट संगणकावर शिजत असायचा तेव्हा सुरुवात घराघरांत वाढून झालेली असायची. अशा घाईत वेनिंग रोज संगणकावर दृश्यात गरुड चिकटवायची. तो अधांतरी पाय टेकायचा आणि सूर्याच्या दिशेने सावली टाकायचा. प्रेक्षक त्याला लाडाने कोंबडी म्हणत.

क्लातेनला, गावी, तिची आई ही मालिका एक दिवस चुकवत नसे. पण त्यातला पक्षी आपली लेक करते, हे तिला पटतच नव्हतं. शेवटच्या नामावलीत चहावाल्याच्या मेहुण्याचंही नाव असे, लेकीचं नसे. आईने ते एकदा वाचावं, एवढीच वेनिंगची हौस होती. निर्माते गुनार्सो यांनी तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं, "कोंबडीखाली कुणी सही करतं का? लोकांना खरा वाटेल असा गरुड कर, मग नाव."

मग देवाने कृपा केली आणि राजपुत्राला टायफॉइड झाला. चित्रीकरण थांबलं, जुने भाग पुन्हा लागले. हातातल्या एका दृश्यासाठी वेनिंगला हवा तेवढा वेळ मिळाला. जुना कुठल्याशा परदेशातला पक्षी तिने मोडीत काढला आणि जावाच्या डोंगरातला तुरेवाला गरुड पिसापिसाने उभा केला.

राजपुत्र बरा झाला आणि तो भाग लागला. कोंबडी हा शब्द कुणी उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वन्यजीव खात्याचे सुतार्जो साहेब दारात उभे राहिले. तुरेवाला गरुड पाळायला बंदी आहे, आणि सुतार्जोंना पाखरांचा भारी कळवळा. त्यांच्या स्वतःच्या ओसरीवर गाणाऱ्या पक्ष्यांचे पिंजरे टांगलेले होते.

"तक्रारींचा ढीग पडलाय. कुठे ठेवलाय पक्षी?"

"संगणकात," वेनिंग म्हणाली.

"हवा तरी लागते का तिथे त्याला?"

वेनिंगने दृश्य उघडलं. आधी सावली काढून दाखवली, मग हलणारं गवत, मग अख्खा गरुड. पडद्यावर राजपुत्र मनगटाला हिरवं फडकं बांधून हवेकडे प्रेमाने बघत उरला.

सुतार्जो ताडकन उठले. "बघितलंत? माझ्या डोळ्यांदेखत पुरावा गायब केला बाईंनी!"

पक्षी खोटा असल्याचं संध्याकाळपर्यंत सिद्ध करा, नाहीतर मालिका बंद, असा दम भरून ते निघून गेले. गुनार्सोंनी घाम पुसला.

"वेनिंग, आजच्या भागात कोंबडी बसव. आधीपेक्षा वाईट कर."

"बापाक गुनार्सो, आता नाही जमायचं मला."

"न जमायला काय झालं? आजवर जमतच होतं की! आणि हे बघ, तुझं नावही टाकतो. पक्ष्याच्या खाली, मोठ्या अक्षरांत. साहेबांची खात्री पटायला नको का?"

वेनिंगला रडू आलं. एकदा हाताला वळण लागलं की मुद्दाम चुकणं फार जड जातं. पण नाव! तिने सावली उचलून सूर्याकडे फेकली. पंजे मनगटापासून वीतभर वर टांगले. तुऱ्याला कोंबड्याच्या तुऱ्यासारखा लालभडक रंग दिला. गुनार्सोंनी खाली मजकूर घातला, ‘हा पक्षी खोटा आहे. करणारी : वेनिंग हापसारी, क्लातेन.’ गावाचं नाव टाकायचा मोठेपणाही त्यांनी दाखवला.

संध्याकाळी सुतार्जोंनी आपल्या पिंजऱ्यांखाली बसून तो भाग पाहिला आणि ते पोट धरून हसले. प्रकरण मिटलं.

तेवढ्यात वेनिंगचा फोन वाजला. आई होती.

"न्दुक, पोरी, वाचलं गं तुझं नाव! सगळ्या आळीला बोलावून दाखवलं." मग हळूच म्हणाली, "पण काल किती देखणा, खराखुरा पक्षी होता. तो काढून तुझ्या हातात काम कशाला दिलं गं त्यांनी?"