हिरवा दिवा

भूपेंद्रनं पुण्याहून आईला फोनवर दहादा बजावलं होतं, "आई, कम्प्युटर जुना आहे, त्याच्या विंडोजकडे आता कंपनीबी पाहत नाही. ब्राउझर जपून वापरजो. मी पाठवतो ते सोडून कोणतीच लिंक दाबू नको, नाहीतर कोणीही आत शिरते अन् आपल्याले पत्ताबी लागत नाही." तेव्हापासून सत्यभामाबाई स्वेटरचे नमुने पाहायला बसल्या तरी आधी दाराची कडी लावून घ्यायच्या.

आज त्यांचे यजमान दौलतराव सेकंड शिफ्टला प्लांटमध्ये गेले आणि प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये त्या एकट्याच उरल्या. ब्राउझर उघडला, तो जुना झाल्याचं सांगणारी नेहमीची लाल पट्टी आली, ती त्यांनी बंद केली. तेवढ्यात मॉनिटरवरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा आपोआप लागला.

पदर सावरत त्या खुर्चीसकट बाजूला सरकल्या, तरी दिवा विझेना. शेवटी त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यावर दाबून चिकटवली.

लगेच मोबाइल वाजला. भूपेंद्रचं नाव पाहून त्यांना रडूच फुटलं. "बाबू, बरा फोन केला रे. कोणीतरी मले घरात पाहून राहिलं."

पलीकडून तो शांतपणे म्हणाला,



"आई, आधी ती टिकली काढ. मले काहीच दिसून नाही राहिलं."