अठरावा प्रश्न

“तुम्ही बाहेर बसा आता,” बाई म्हणाल्या.

“हो हो, उठलोच,” धाकटा म्हणाला. पण आधी त्यानं थोरल्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं, त्याचा लुळा उजवा हात उचलून नीट मांडीवर ठेवला आणि मगच उठला. दारापर्यंत जाऊन पुन्हा वळला. “दादा, पाणी हवंय?”

“अरे जा बाबा! बाई काही मला खात नाहीत.”

मारहाणीत जखमी झालेल्या माणसांची हे हॉस्पिटल पुढे दहा वर्षं विचारपूस करत असे. वर्षातून एकदा, तेच अठरा प्रश्न, आणि तेही पेशंटला एकट्याला. सोबतच्या माणसानं बाहेर बसायचं, आतलं एक अक्षर त्याला सांगायचं नाही, असा नियम. हे प्रश्न विचारणाऱ्या बाई नियमाच्या पक्क्या. फक्त या दोघा भावांपुढे त्यांचं काही चालत नसे.

दोघं सुतार. दहा वर्षांपूर्वी थोरला त्यांच्या कारखान्यात डोकं फुटून पडलेला सापडला, शेजारी लाकडी फळी. धाकट्यानंच त्याला उचलून इथे आणलं होतं. कुणी मारलं, कशासाठी मारलं, काही पत्ता लागला नाही. पोलिसांचं घोडं एकाच जागी अडलं होतं. थोरल्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. तेव्हापासून त्याची अंघोळ, दाढी, भरवणं, सगळं धाकटाच करी. कुणी लग्नाचा विषय काढला की म्हणे, “मला वेळ कुठाय?”

अठरावा प्रश्न नेमका त्या आठवणीचाच होता. त्या दिवसाचं काही आठवतं का?

दरवर्षी मुलाखत संपली की धाकटा बाईंना दाराबाहेरच गाठायचा. तोंड एवढंसं करून विचारायचा, “आठवलं का हो काही?” बाईंना राहवायचं नाही. “नाही हो,” त्या हळूच सांगायच्या. तो नुसता “बरं” म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायचा. बाईंना वाटायचं, एवढा जीव लावणारा भाऊ, आणि त्याला दादाला मारणाऱ्याचं साधं नाव कळू नये!

आज शेवटची मुलाखत होती. यानंतर फाइल बंद.

“झोप लागते?”

“घोरतो म्हणे मी. स्वतःचं घोरणं नाही सांगत तो.”

“कशाची भीती वाटते?”

“त्याच्या स्वयंपाकाची.”

बाई हसल्या. कागद उलटला. अठराव्या प्रश्नापुढच्या ‘नाही’वर त्यांनी सवयीनं पेन टेकवलंसुद्धा. “त्या दिवसाचं काही...”

“थांबा,” थोरला म्हणाला. “बाहेर गेल्यावर त्याला काय सांगाल?”

बाई चपापल्या. “मी? कुणाला?”

“दरवर्षी सांगता की. बाहेर पडताना दार उघडंच ठेवता, मला सगळं ऐकू येतं.”

बाईंचा चेहरा पडला. “चुकलंच माझं. पण त्यांच्याकडे बघवत नाही हो. आज नाही सांगणार.”

“सांगा. ‘नाही’ म्हणूनच सांगा.”

“म्हणजे? तुम्हाला आठवतंय?”

“तिसऱ्या वर्षापासून.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, मग बोलला का नाहीत इतकी वर्षं? ते बिचारे दरवर्षी आशेनं विचारतात. कोण होता तो?”

थोरल्यानं बंद दाराकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले.

“आधी हात मी उचलला होता. फळी त्यानं नंतर घेतली,” तो म्हणाला. “मला ठाऊक आहे हे धाकट्याला कळलं, तर तो पुन्हा माझ्यासमोर बसून जेवायचा नाही, बाई. आणि मला एकट्याला घास उतरत नाही.”